‘कॉपी कंट्रोल’ छापलेल्या सीडीची स्वतःपुरती प्रत कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडींचा मोठा संग्रह आहे आणि तो कॉम्प्युटरवर उतरवायचा आहे. बहुतेक डिस्क नीट उतरतात. पण 2002 ते 2005 च्या सुमाराच्या काही डिस्कवर ‘कॉपी कंट्रोल’ असं छापलेलं आहे. त्यांतल्या काही कॉम्प्युटरला दिसतच नाहीत, काहींच्या कॉपीत टकटक ऐकू येते, आणि एक डिस्क स्वतःचा प्लेअर इन्स्टॉल करायला सांगते. हे संरक्षण नेमकं काय असतं, ते असताना स्वतःपुरती प्रत करता येते का, आणि केलेली चालते का?

जुन्या रेकॉर्डिंगचे संग्रह डिजिटल स्वरूपात आणण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे अशा डिस्क हाताखालून पुष्कळ गेल्या आहेत. आधी सरळ उत्तर देतो. ऑडिओ सीडीला कुलूप नसतं, कधीच नव्हतं. कंपन्यांनी ज्याला ‘संरक्षण’ म्हटलं ते दोनच प्रकारचं होतं. एक तर डिस्क मुद्दाम थोडी बिघडवून विकायची, नाही तर डिस्कमधून तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एक पहारेकरी प्रोग्रॅम घुसवायचा. दोन्हींचा उपद्रव पैसे मोजून डिस्क घेणाऱ्यालाच झाला. आणि तुम्ही म्हणता त्या टकटकीमागे बहुतेक वेळा संरक्षण नसतंच. चरे, बोटांचे ठसे आणि घाईत केलेलं वाचन असतं.

सोनी आणि फिलिप्स यांनी ऑडिओ सीडीचं मानक 1980 मध्ये ठरवलं. त्याला रेड बुक म्हणतात. 1982 मध्ये डिस्क आणि प्लेअर बाजारात आले. आवाजाची मोजमापं, म्हणजे नमुने, सेकंदाला 44,100, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, चॅनल दोन. म्हणजे एका मिनिटाच्या संगीताला सुमारे 10.6 मेगाबाइट जागा लागते. 1983 मध्ये आलेल्या आयबीएम पीसी एक्सटीची हार्ड डिस्क 10 मेगाबाइटची होती. तिच्यात गाण्याचं एक मिनिटही पुरतं मावलं नसतं. अशा काळात कोणी घरी बसून सीडीची नक्कल करील ही भीती कोणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं, म्हणून आवाज डिस्कवर उघडाच ठेवला गेला. तो गुप्त लिपीत बांधलेला नाही, किल्ली कुठेच नाही. 1996 मध्ये डीव्हीडी आली तोवर कंपन्या शहाण्या झाल्या होत्या; तिच्यात एन्क्रिप्शन पहिल्यापासून आहे. सीडीच्या बाबतीत मात्र ती वेळ निघून गेली होती. कोट्यवधी प्लेअर घरोघरी पोचल्यावर मानक बदलणं शक्यच नव्हतं, कारण नवी डिस्क जुन्या प्लेअरवर वाजली नाही तर ती घेणार कोण?

रेड बुकात एक लहानशी खूण मात्र आहे. प्रत्येक ट्रॅकसोबत जाणाऱ्या जादा माहितीत ‘कॉपीला परवानगी आहे किंवा नाही’ असं सांगणारा एक बिट असतो. पुढे डॅट (डिजिटल टेप), मिनिडिस्क आणि घरगुती ऑडिओ सीडी रेकॉर्डर यांच्यासाठी एससीएमएस नावाची पद्धत आली आणि अमेरिकेत 1992 च्या ऑडिओ होम रेकॉर्डिंग कायद्याने ती अशा यंत्रांवर सक्तीची केली. मूळ डिस्कवरून डिजिटल प्रत करा, पण त्या प्रतीवरून आणखी प्रत करू नका, एवढाच तिचा अर्थ. कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह या कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हता. त्यामुळे त्याने तो बिट वाचला काय आणि नाही काय, फरक शून्य.

नव्वदीच्या उत्तरार्धात सीडी रायटर स्वस्त झाले, एमपी3 पसरलं, आणि कंपन्यांना घाम फुटला. मानक बदलता येत नाही, तरी नक्कल थांबवायची आहे. मग उरते एकच फट: दिवाणखान्यातला प्लेअर आणि कॉम्प्युटरचा ड्राइव्ह एकच डिस्क वेगवेगळ्या तऱ्हेने वाचतात, त्या फरकाचा फायदा घ्यायचा.

पहिला फरक अनुक्रमणिकेचा. डिस्कच्या आतल्या कडेला, गाणी सुरू होण्याआधी, कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याचा तक्ता असतो. डिस्कवर एकाहून अधिक सत्रं, म्हणजे स्वतंत्र भाग, लिहिता येतात आणि प्रत्येक सत्राचा तक्ता वेगळा असतो. साधा प्लेअर पहिल्या सत्राचा तक्ता वाचतो आणि पुढचं काही आहे हे त्याच्या गावीही नसतं. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह मात्र आधी शेवटच्या सत्राकडे धावतो, कारण डेटा सीडीमध्ये ताजी माहिती तिथे असते. तेव्हा बाहेरच्या कडेला एक खोटं सत्र ठेवायचं, त्याच्या तक्त्यात वाटेल ते लिहायचं (गाण्यांचे ट्रॅक डेटा आहेत, डिस्क अमुक ठिकाणी संपते, वगैरे), की कॉम्प्युटर गोंधळतो आणि प्लेअर सुखेनैव वाजत राहतो. सोनीच्या की2ऑडिओची मदार यावरच होती, आणि इस्रायलच्या मिडबार कंपनीच्या कॅक्टस डेटा शील्डमध्येही हा प्रकार होता.

या युक्तीचं हसं कसं झालं ते आठवतं. मे 2002 मध्ये बातम्या झळकल्या की डिस्कच्या बाहेरच्या कडेवर साध्या मार्कर पेनाने काळी रेघ ओढली की की2ऑडिओ निकामी होतं. खोटं सत्र वाचताच आलं नाही की ड्राइव्ह आपोआप खऱ्या सत्राकडे वळतो, इतकंच त्यामागचं शास्त्र. पण ज्यांना मार्करची गोष्ट ठाऊक नव्हती त्यांचं काय? सेलीन डिऑनचा ‘अ न्यू डे हॅज कम’ हा अल्बम युरोपात काही ठिकाणी या संरक्षणासह विकला गेला, आणि तो घातल्यावर काही आयमॅक अडकून बसले, डिस्क बाहेरही देईनात. आपण अशा डिस्कना जबाबदार नाही, त्या मानकात बसत नाहीत, असं अॅपलला लेखी जाहीर करावं लागलं. (आज तो मार्कर कोणी वापरू नये. आताचे बरेच ड्राइव्ह आणि रिपिंगचे, म्हणजे सीडी कॉम्प्युटरवर उतरवण्याचे, प्रोग्रॅम सत्र निवडून वाचू शकतात. डिस्कवर शाई फासण्याचं काही कारण उरलेलं नाही.)

दुसरा फरक चुकांचा, आणि हा मला जास्त खुपतो. तो कळण्यासाठी सीडीवर आवाज कसा ठेवतात ते थोडं पाहावं लागेल. आवाजाचे बाइट सरळ रांगेत लिहिलेले नसतात. 24 बाइट आवाजाला 8 बाइट दुरुस्तीचे जोडले जातात आणि मग हे सगळं डिस्कवर दूरदूर विखरून लिहिलं जातं. त्यामुळे एखादा चरा सलग भाग खाऊन गेला तरी प्रत्येक तुकड्यातलं थोडंथोडंच हरवतं आणि दुरुस्तीच्या बाइटांवरून ते जसंच्या तसं परत काढता येतं. दुरुस्ती दोन टप्प्यांत होते. पहिल्याला सी1 आणि दुसऱ्याला सी2 म्हणतात. आवाज ज्या चक्राकार रेषेत लिहिलेला असतो तिच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचं सलग नुकसान ही व्यवस्था पूर्ण भरून काढते. त्याहून मोठं झालं आणि सी2 ने हात टेकले, तर प्लेअर मागच्या-पुढच्या नमुन्यांवरून मधला अंदाजाने भरतो. कानाला सहसा कळत नाही. पण तो आता मूळ आवाज राहिलेला नसतो, अंदाज असतो.

कॅक्टसच्या पुढच्या आवृत्त्यांनी या व्यवस्थेलाच हात घातला. डिस्क दाबतानाच ठिकठिकाणी चुकीचे बाइट पेरायचे. प्लेअर ती चूक पकडून शेजारच्या नमुन्यांवरून भरून काढील, आणि कॉम्प्युटरचा ड्राइव्ह, जो त्या काळी अंदाज भरण्याच्या भानगडीत नीट पडत नसे, तो चुकीचा बाइट तसाच पुढे देईल, म्हणजे कॉपीत टकटक. कागदावर कल्पना चलाख आहे. प्रत्यक्षात तुम्ही नवी कोरी डिस्क घेता तेव्हाच तिच्या सहनशक्तीचा एक भाग खर्च झालेला असतो. पाच वर्षांनी तिच्यावर चरे पडतील तेव्हा साधी डिस्क जे पचवील ते हिला पचणार नाही. नव्या गाडीतलं स्टेपनी काढून घेऊन ती पूर्ण किमतीला विकण्यासारखं आहे हे.

शिवाय ‘साधा प्लेअर’ आणि ‘कॉम्प्युटरचा ड्राइव्ह’ ही विभागणी त्याच सुमाराला मोडीत निघाली होती. कारमधले प्लेअर, डीव्हीडी प्लेअर, गेम कन्सोल, एमपी3 वाजवणारे डेक, यांच्या पोटात कॉम्प्युटरच्याच जातीचे ड्राइव्ह बसू लागले होते. मग ज्याने आयुष्यात कधी गाणं कॉपी केलं नाही त्याची नवी सीडी त्याच्याच गाडीत वाजेना. जपानमध्ये एव्हेक्स या संगीत कंपनीने मार्च 2002 पासून असल्या डिस्क काढल्या आणि तिथेही ग्राहकांनी इतकी ओरड केली की 2004 पासून कंपन्या मागे सरू लागल्या. फिलिप्सने तर 2002 मध्ये स्पष्टच सांगितलं की या डिस्क मानकाबाहेरच्या आहेत आणि त्यांना ‘कॉम्पॅक्ट डिस्क’चं बोधचिन्ह लावता येणार नाही. ज्यांनी सीडी घडवली त्यांच्याच मते ही सीडी नव्हे! तुमच्या संग्रहातली संशयित डिस्क ओळखायला आजही ही खूण कामी येते: खोक्यावर आणि डिस्कवर ते ओळखीचं बोधचिन्ह आहे का पाहा.

आता तो स्वतःचा प्लेअर इन्स्टॉल करायला सांगणाऱ्या डिस्कचा प्रकार. इथे डिस्कवरचा आवाज पूर्ण निर्दोष असतो. दुसऱ्या सत्रात विंडोजचा एक प्रोग्रॅम असतो, तो ऑटोरनने, म्हणजे डिस्क घालताच प्रोग्रॅम चालू करणाऱ्या विंडोजच्या सोयीने, आपसूक सुरू होतो, करार दाखवतो, आणि तुम्ही होकार दिलात की ड्राइव्ह आणि तुमचा रिपिंग प्रोग्रॅम यांच्या मध्ये ठाण मांडून बसतो. त्या डिस्कवरचा ट्रॅक कोणी मागितला की तो आवाजात खरखर मिसळून देतो. सनकॉम या कंपनीचं मीडियामॅक्स असं चालायचं. ऑक्टोबर 2003 मध्ये प्रिन्स्टनचा विद्यार्थी अॅलेक्स हाल्डरमन याने दाखवून दिलं की डिस्क घालताना शिफ्ट कळ दाबून धरली तर ऑटोरन सुरूच होत नाही, आणि मग ही डिस्क इतर कुठल्याही सीडीसारखी उतरते. सनकॉमने त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा ठोकण्याची भाषा केली आणि जगभर टिंगल झाल्यावर ती लगेच मागे घेतली. कीबोर्डवरची एक कळ दाबणं हा गुन्हा कसा ठरवणार?

यातून शिकायचं सोडून पुढच्या खेपेला पहारेकऱ्यालाच अदृश्य केलं गेलं. फर्स्ट 4 इंटरनेट या ब्रिटिश कंपनीचं एक्ससीपी नावाचं संरक्षण सोनी बीएमजीने 2005 मध्ये 52 अल्बमांवर घातलं. 31 ऑक्टोबर 2005 रोजी मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने जाहीर केलं की त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक रूटकिट (स्वतःला लपवून सिस्टिमच्या मुळाशी बसणारा प्रोग्रॅम) सापडलंय आणि ते एका गाण्याच्या सीडीतून आलंय. ज्या फाइलचं नाव दोन डॉलरचिन्हांत अडकवलेल्या ‘सिस’ या अक्षरांनी सुरू होई ती फाइल विंडोजला दिसेनाशी व्हायची, मग ती सोनीची असो की आणखी कोणाची. काही दिवसांतच त्याच आडोशाला लपणारे ट्रोजन, म्हणजे घातक प्रोग्रॅम, आले. हाताने काढायला जावं तर सीडी ड्राइव्हच नाहीसा व्हायचा, कारण पहारेकऱ्याने स्वतःला ड्राइव्हच्या साखळीत ओवून घेतलं होतं. कंपनीने काढून टाकण्याचं जे साधन दिलं त्याने मागे असं भोक ठेवलं की कुठलंही संकेतस्थळ तुमच्या कॉम्प्युटरवर हवा तो प्रोग्रॅम चालवू शके. हे हाल्डरमन आणि त्याचे प्राध्यापक एड फेल्टन यांनी दाखवलं. नोव्हेंबरमध्ये डिस्क परत मागवाव्या लागल्या, खटले झाले, आणि जानेवारी 2007 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत नुकसान झालेल्या ग्राहकांना दुरुस्तीपोटी 150 डॉलरपर्यंत देण्याचं कबूल करावं लागलं.

या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच आहे. या डिस्कवरच्या फाइल विंडोजच्या बंदिस्त स्वरूपात असत, त्या आयपॉडवर जात नसत. आणि आयपॉडवाल्या ग्राहकांनी विचारणा केली की कंपनी स्वतःच मार्ग सांगायची: त्या फाइलवरून साधी सीडी बर्न करा आणि ती पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवा. म्हणजे संरक्षण विकणाराच ते ओलांडायची कृती लिहून देत होता. 2007 उजाडेपर्यंत मोठ्या कंपन्यांनी सीडीवरचे हे प्रयोग गुंडाळले.

म्हणून तुमच्या त्या डिस्कबद्दल: तिचा प्लेअर इन्स्टॉल करू नका. करार वाचायलाही थांबू नका, कारण मीडियामॅक्सच्या एका आवृत्तीचे काही घटक तुम्ही नकार दिलात तरी डिस्कवरून उतरून राहायचे. डिस्क घालण्याआधी ऑटोरन बंद करा. नव्या विंडोजमध्ये ती आधी विचारल्याशिवाय सहसा सुरू होत नाही, तरी सेटिंग तपासून घ्या. लिनक्सवर हा प्रश्न उद्भवतच नाही. विंडोजचा प्रोग्रॅम तिथे चालणार नाही आणि आवाज जसा आहे तसा समोर असेल. हा पहारेकरी कॉम्प्युटरमध्ये आधीच असेल अशी शंका असेल, म्हणजे तेव्हापासूनचं जुनं विंडोज एक्सपी अजून जिवंत ठेवलं असेल, तर त्याला खाजवत बसू नका. रिपिंगसाठी दुसरं मशीन घ्या.

आता तुमच्या डिस्कचं निदान. बोधचिन्ह नाही आणि खोक्यावर कॉपी कंट्रोलचा शिक्का आहे, तर संरक्षण असण्याची शक्यता धरून चला. डिस्क तिरकी धरून चमकत्या बाजूला पाहिलंत आणि बाहेरच्या अंगाला स्पष्ट वेगळी पट्टी दिसली तर दुसरं सत्र आहे. पण थांबा, निव्वळ दुसरं सत्र म्हणजे संरक्षण नव्हे. व्हिडिओ किंवा फोटो जोडलेल्या ‘एन्हान्स्ड’ सीडीतही ते असतं आणि ते मानकाला धरून असतं. टकटक कुठे येते तेही ऐका. एक-दोन ट्रॅकमध्ये, ठरावीक लयीत, डिस्कच्या एका फेऱ्याला एकदा अशी येत असेल तर तो चरा आहे. सगळ्या ट्रॅकमध्ये, डिस्क आरशासारखी स्वच्छ असूनही विखुरलेली येत असेल, तर पेरलेल्या चुकांचा संशय घ्यावा. आणि 2001 च्या आधीची डिस्क असेल तर संरक्षणाचा विचार जवळजवळ सोडूनच द्या.

तिथून पुढे संरक्षित असो की चरे पडलेली, काम एकच: अचूक वाचन. ऑडिओ सीडी वाचणं डेटा सीडीपेक्षा अवघड आहे. डेटा सीडीच्या 2352 बाइटांच्या प्रत्येक कप्प्यात 2048 बाइट माहिती असते आणि बाकीच्यात त्या कप्प्याचा पत्ता व दुरुस्तीचा आणखी एक थर. ऑडिओत सगळे 2352 बाइट आवाजाचे. कप्प्यावर पत्ता नाही, जादा थर नाही. जुन्या ड्राइव्हना मध्येच थांबून पुन्हा नेमक्या त्याच जागी येणं जमत नसे, त्यामुळे काही नमुने गळायचे किंवा दोनदा यायचे. क्रिस मॉन्टगोमेरी यांच्या सीडीपॅरानॉयाने आणि 1998 मध्ये आंद्रे वीटहॉफ यांच्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने यावर उपाय काढला: तुकडे एकमेकांवर चढवून वाचायचे, जोड तपासायचा, आणि न जुळल्यास पुन्हा वाचायचं. आजही विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा डीबीपॉवरॅम्प, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर, यांपैकी एक वापरा. म्युझिक प्लेअरमधलं ‘इम्पोर्ट’ बटण घाईचं असतं. चूक झाली तरी ते सांगत नाही.

प्रोग्रॅममध्ये सिक्युअर मोड, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहणारी पद्धत, लावा. ड्राइव्ह स्वतःच्या कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) तीच माहिती पुन्हा देत असेल तर दुसरं वाचन हे वाचनच नसतं, म्हणून कॅश तपासणारा पर्याय चालू ठेवा. सी2 चुका ड्राइव्हने सांगितल्या की काम वेगाने होतं, पण सगळे ड्राइव्ह खरं सांगतात असं नाही. पेरलेल्या चुकांच्या डिस्कवर मी सी2 वर विसंबत नाही. वेग कमी करून पाहा. काही ड्राइव्ह अगदी सावकाश वाचताना उलट जास्त चुका करतात, त्यामुळे मधला वेग बरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दुसरा ड्राइव्ह मिळवा. एका ड्राइव्हला डिस्क दिसतच नाही आणि वेगळ्या बनावटीचा ती मुकाट्याने वाचतो, हे संरक्षित डिस्कच्या बाबतीत नेहमीचं आहे. मी एक जुना आणि एक नवा असे दोन तरी जवळ ठेवतो. सॉफ्टवेअर बदलत बसण्यापेक्षा ड्राइव्ह बदलून बघणं केव्हाही फायद्याचं.

प्रत बरोबर झाली हे कळायचं कसं? यासाठी अॅक्युरेटरिप आहे. तुमच्या ट्रॅकची बेरीज-खूण (सगळ्या बाइटांवरून काढलेला एक आकडा, चेकसम) जगभरच्या लोकांनी त्याच डिस्कवरून काढलेल्या खुणांशी ताडून पाहिली जाते. वेगळ्या घरातला, वेगळा ड्राइव्ह आणि वेगळे चरे असलेला कोणी माणूस आणि तुम्ही, दोघांची खूण तंतोतंत जुळली तर चूक उरण्याला वाव नाही. त्यासाठी आधी ड्राइव्हचा ऑफसेट भरावा लागतो. प्रत्येक मॉडेल आवाज ठरावीक नमुन्यांनी मागे-पुढे सरकवून वाचतं. काहींत 6, काहींत 30, काहींत 667. 667 नमुने म्हणजे सेकंदाचा सुमारे सहासष्टावा भाग, कानाला शून्य फरक, पण खूण जुळण्यासाठी तो हवा. प्रोग्रॅम ओळखीच्या डिस्कवरून तो बहुधा स्वतःच शोधतो. खूण थोडक्यात हुकत असेल तर क्यूटूल्सचा डेटाबेस पाहा. त्यात दुरुस्तीची माहितीही साठवलेली असते, आणि नुकसान लहान असेल तर तुमची प्रत त्यावरून खरोखरच सुधारता येते. पेरलेल्या चुकांच्या डिस्कवर खूण जुळली नाही तर लगेच निराश होऊ नका. तिथे प्रत्येक ड्राइव्हचा अंदाज वेगळा, म्हणून लोकांचे निकालही विखुरलेले असतात. दोन ड्राइव्हवरून उतरवा, दोन्ही ऐका, स्वच्छ असेल ती ठेवा.

डिस्क पुसायची तर मऊ सुती फडक्याने आणि केंद्राकडून कडेकडे. गोल फिरवून पुसलंत आणि एखादा कण अडकला तर चरा नेमका रेषेच्या दिशेने पडतो, आणि दुरुस्तीच्या व्यवस्थेला तोच सर्वांत जड जातो. छापील बाजूला जास्त जपा. लोक चमकती बाजू जपतात, पण तिकडे एक मिलिमीटरहून जाड पारदर्शक प्लॅस्टिक असतं. परावर्तक थर छापील बाजूच्या लाखेखाली लगेच आहे. तिथे चरा खोल गेला की तेवढा आवाज कायमचा गेला.

उतरवताना स्वरूप फ्लॅक ठेवा. बिटनबिट मूळ आवाज, तासाभराच्या अल्बमला साधारण 300 ते 400 मेगाबाइट. फोनसाठी एमपी3 हवं तर फ्लॅकवरून कधीही करता येईल. उलटा प्रवास नाही. सोबत क्यू शीट (ट्रॅकांच्या मांडणीची फाइल) आणि लॉग (रिपिंगची नोंद) जपून ठेवा. ऐंशीच्या दशकातल्या काही डिस्कवर उंच स्वर वाढवून नोंदवलेले असतात, त्याला प्री-एम्फसिस म्हणतात. जुन्या डिस्कची प्रत टोचऱ्या आवाजाची वाटली तर लॉगमध्ये ती खूण शोधा.

कायद्याचं म्हणाल तर उत्तर देशागणिक बदलतं आणि ‘मी विकत घेतलंय’ एवढ्यावर ते संपत नाही. जर्मनीत खाजगी प्रतीची मुभा आहे, पण 2003 पासून परिणामकारक तांत्रिक संरक्षण ओलांडून केलेल्या प्रतीला ती मिळत नाही. ब्रिटनने 1 ऑक्टोबर 2014 पासून स्वतःच्या सीडीच्या खाजगी प्रतीला परवानगी दिली आणि जुलै 2015 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अमेरिकेत 1998 च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने संरक्षण ओलांडण्यावर आणि त्यासाठीची साधनं पुरवण्यावर वेगळीच बंधनं घातली. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये खाजगी वा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या रास्त वापराची मुभा आहे. 2012 च्या दुरुस्तीने ती कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून सर्व कृतींना, म्हणजे ध्वनिमुद्रणांनाही, लागू झाली. त्याच दुरुस्तीने आलेलं कलम 65अ संरक्षण मोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं, पण हक्कभंगाच्या हेतूने केलं तर. कायद्याने मना नसलेल्या कारणासाठी केलेल्या कृतीला त्यात अपवादही आहे. एकूण अंदाज असा की स्वतःच्या डिस्कवरून स्वतःच्या कानांसाठी केलेल्या प्रतीमागे कोणी लागत नाही. प्रत वाटलीत, विकलीत किंवा नेटवर चढवलीत की मात्र गोष्ट पूर्ण बदलते. आणि डिस्क विकून टाकलीत तर तिच्यावरून केलेली प्रत ठेवण्याचं समर्थन मी तरी करणार नाही. विकणाऱ्यांना मी तसं सांगतोही.

राहिला प्रश्न प्रत ठेवायची कुठे. सीडी-आर वर, म्हणजे घरी लिहिता येणाऱ्या कोऱ्या सीडीवर, बर्न करून ठेवणं मी सुचवत नाही. तिच्यात माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात लिहिली जाते आणि ऊन, उष्णता यांनी तो थर फिका पडतो. कारखान्यात दाबलेली मूळ डिस्क तिच्या कितीतरी पुढे टिकते. फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक शक्यतो वेगळ्या जागी. फ्लॅक फाइलच्या आत मूळ आवाजाची एमडी5 नावाची तपासणीची खूण असते. वर्षातून एकदा सगळ्या संग्रहावर फ्लॅकची चाचणी चालवा. कुजलेली फाइल ती नाव घेऊन दाखवते आणि ती तुम्ही दुसऱ्या डिस्कवरून परत आणू शकता. संरक्षित डिस्क आधी उतरवा, कारण त्यांच्यात पुढच्या चऱ्यांसाठी शिल्लक कमी आहे, आणि त्या वाचणारे जुने ड्राइव्ह दरवर्षी आणखी दुर्मिळ होत चाललेत.